व्हिनेगर आधी की नंतर? कुकरमधल्या पिंजलेल्या पोर्कचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नॉर्थ कॅरोलायनात रॅलीला लागून केरी नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या कंपन्यांमुळे इथे मराठी घरं बरीच आहेत. त्यातल्याच एका घरातलं हे प्रकरण. घरातल्या बाईंना मी इथे नुसतं ताई म्हणते. त्या मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती घरातल्या. मी त्यांच्याच इमारतीत राहते आणि या सगळ्या स्वयंपाकात पहिल्या दिवसापासून त्यांच्या जोडीला होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. मापं आणि वेळा मात्र जशाच्या तशा दिल्या आहेत.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी इमारतीतल्या चौदा जणांचं एकत्र जेवण ठरलं. प्रत्येक घराने एकेक पदार्थ करायचा. ताईंनी पोर्क करायचं अंगावर घेतलं, आणि तेही इथलं, व्हिनेगरवालं. त्यामागे कारण होतं. उन्हाळ्यात आम्ही राज्याच्या पूर्वेकडच्या एडन गावी जाऊन ‘स्कायलाइट इन’मध्ये जेवून आलो होतो. १९४७पासून चालत आलेलं हे ठिकाण पूर्व नॉर्थ कॅरोलायनाच्या पद्धतीचं आहे. अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजायचं, मग मोठ्या सुऱ्यांनी ठोकून बारीक करायचं, वर व्हिनेगर आणि मिरची. टोमॅटोचा थेंब नाही. कुरकुरीत कातडीसुद्धा ठोकून त्या मांसातच मिसळलेली. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात. या दोन बाजूंचा वाद इथे आपल्याकडच्या आमटीत गूळ घालावा की नाही या वादाइतका जिव्हाळ्याने चालतो.

पहिला घास घेऊन ताई म्हणाल्या होत्या, “हे तर आपल्या इंद्यालच्या गोत्यातलं आहे.” त्यात तथ्य होतं. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. मांस व्हिनेगर-लसणात मुरवायची त्यांची रीत गोव्यात विंदालू झाली आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत इंद्याल. आंबट आणि तिखट पोर्क ताईंच्या जिभेला लहानपणापासून ओळखीचं होतं. या ओळखीनेच पुढे त्यांना अडचणीतही टाकलं.

अडचण

आमच्या इमारतीत बाल्कनीत कोळसा पेटवायला परवानगी नाही. धूर देऊन भाजायचं यंत्र तर दूरचीच गोष्ट. ओव्हनमध्ये मंद आचेवर खांदा शिजवता येतो, पण त्याला आठ-नऊ तास लागतात, आणि शुक्रवारी ताई आणि त्यांचे यजमान दोघंही कामावर. म्हणून कुकर.

प्रश्न वरकरणी सोपा वाटतो: मांस कुकरला लावा, शिजलं की काट्याने पिंजा. पण डुकराचा खांदा हा सतत काम करणारा भाग असल्याने चिवट पडद्यांनी भरलेला असतो. त्या पडद्यांतलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन झालं तरच मांसाच्या रेषा सुट्या होतात. नुसतं ‘शिजणं’ त्याला पुरत नाही. अमेरिकेत सरकारी सूचनेप्रमाणे पोर्कचा अख्खा तुकडा आतून ६३ अंश सेल्सियसला पोचून तीन मिनिटं राहिला की खायला सुरक्षित होतो, पण पिंजण्याजोगा होतो तो ९० ते ९६ अंशांच्या आसपास. मधल्या पट्ट्यात मांस शिजलेलंही असतं आणि चामड्यासारखंही असतं. पहिल्या खेपेला आम्ही नेमके तिथे अडकलो.

पहिला प्रयत्न

जेवणाच्या आदल्या शनिवारी रंगीत तालीम केली. दुकानातून ‘बोस्टन बट’ आणलं. नाव फसवं आहे, तो खांद्याचाच वरचा भाग. हाडासकट सुमारे दोन किलोचा एकच तुकडा. ताईंनी तो मीठ, मिरी आणि तिखट लावून अख्खाच कुकरमध्ये ठेवला. कुकर वसईहून आणलेला, पाच लिटरचा, साधा ॲल्युमिनियमचा, आतून काळसर झालेला. त्यात दोन कप सफरचंदाचं व्हिनेगर आणि अर्धा कप पाणी ओतलं. इंद्यालला व्हिनेगर मसाल्यातच वाटलं जातं, पहिल्यापासून असतं, तेव्हा इथेही तसंच, हा ताईंचा हिशेब. मलाही तो पटला होता.

पहिली शिट्टी झाली आणि स्वयंपाकघरात उभं राहवेना. वाफेबरोबर व्हिनेगर बाहेर पडत होतं. डोळे चुरचुरले, खोकला लागला, खिडक्या उघडल्या. बारा शिट्ट्या मोजल्या. त्यांना साधारण चाळीस मिनिटं लागली. उशीर होत होता म्हणून वजन उचलून वाफ काढून टाकली आणि झाकण उघडलं.

वरचा बोटभर थर काट्याने सुटत होता, पण चवीला पिठूळ, खडूसारखा. त्याच्या आत काटा शिरतच नव्हता. हाडाजवळ थर्मामीटर खुपसलं तर ६८ अंश. रस्सा राखाडी, त्याला धातूची चव. आणि ज्या व्हिनेगरसाठी एवढा खटाटोप, त्याचा सुवास कुठेच नाही. उरला होता तो नुसता बोथट आंबटपणा. कुकर मात्र आतून लखलखीत झाला होता. ताईंच्या यजमानांनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, “हा काळा थर गेला कुठे, ते कळलं ना?” रस्सा आम्ही ओतून दिला. मांस पुन्हा तासभर साध्या पाण्यात शिजवून कसंबसं संपवलं.

काय चुकलं

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. चार गोष्टी निघाल्या. त्यांतल्या दोन मला आधीच कळायला हव्या होत्या.

भांड्याचं आणि आंबटाचं वैर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. साध्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि आम्लात तापवलं की तो विरघळतो. आमसुलाचं सार आपण त्या भांड्यात करत नाही, मग दोन कप व्हिनेगर दाबाखाली चाळीस मिनिटं कसं उकळलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तुकड्याचा आकार ही दुसरी. उष्णता मांसात बाहेरून आत सावकाश जाते, आणि कुकरच्या आत १२० अंश असले तरी त्यात मोठा फरक पडत नाही. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोचायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. एक अख्खा तुकडा आणि त्याच वजनाचे आठ-दहा तुकडे ही कुकरच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत.

शिट्ट्यांचा हिशेब तिसरा. भात-वरणाला शिट्ट्या मोजून भागतं, कारण तिथे दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी चालतं. पण शिट्टी हे वेळेचं माप नाही. आच मोठी असेल तर बारा शिट्ट्या पंधरा मिनिटांत होतात, बारीक असेल तर पाऊण तास लागतो. त्यात इथली विजेच्या कॉइलची शेगडी. आच कमी केली तरी कॉइल पाच मिनिटं तापलेलीच राहते, आणि कुकर उगाच शिट्ट्या देत सुटतो. शिवाय वाफ एकदम काढली की आतलं पाणी झटक्यात खळखळून उकळतं आणि मांसातला ओलावाही वाफ होऊन निघून जातो. जिथे तुकडा शिजला होता तिथेही तो कोरडा का लागला, याचं उत्तर तिथे मिळालं.

चौथी गोष्ट व्हिनेगरची, आणि ती समजायला सगळ्यात वेळ लागला. इंद्यालला व्हिनेगर आधी का चालतं? तुकडे लहान असतात, मसाल्याबरोबर रात्रभर मुरतात, मडक्यात मंद शिजतात, आणि पदार्थ दुसऱ्या दिवशी खायचा असतो. आंबटाची धार मसाल्यात, चरबीत मुरून गोल व्हावी, हाच त्या पदार्थाचा हेतू. इथल्या पदार्थाचा हेतू उलटा आहे. तेलकट, मऊ मांसावर ताज्या व्हिनेगरची धार लागली पाहिजे, नाकाला झोंबली पाहिजे. ती धार उडून जाणारी आहे. कुकरच्या शिट्टीतून ती आमच्या डोळ्यांत गेली आणि ताटात आलीच नाही.

समोरचे पर्याय

इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. जन्म पूर्वेकडच्या गोल्ड्सबरोचा. ताई त्यांना विचारायला गेल्या. ते म्हणाले की आमच्याकडे सॉस मांस ठोकल्यावर कालवतात, आणि बाटली टेबलावर ठेवतात. कुकरमध्ये केलेल्याला मात्र बार्बेक्यू म्हणू नका. इथे तो शब्द म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं डुक्कर, दुसरं काही नाही. त्यांचा सूर दुखावणारा नव्हता, पण ठाम होता.

मग भांडं. शेजारच्या घरात विजेवर चालणारा कुकर होता. तो बटण दाबून विसरता येतो आणि मिनिटं स्वतः मोजतो. त्याचा दाब मात्र शेगडीवरच्या कुकरपेक्षा कमी, म्हणून वेळ जास्त लावावा लागतो. माझ्याकडे साडेसहा लिटरचा स्टीलचा शेगडीवरचा कुकर होता. ताईंनी माझा निवडला, कारण त्यातच मांस आधी परतता येत होतं आणि त्याची रीत हाताला सवयीची होती. स्टील असल्यामुळे आंबटाचीही भीती नव्हती. आज विचाराल तर नवशिक्याला मी विजेचा कुकर सुचवेन. कॉइलच्या शेगडीवर दाब सांभाळणं हे लक्ष देऊन करायचं काम आहे.

धुराचा प्रश्न राहिला. दुकानात लाकडाच्या धुराचा अर्क बाटलीत मिळतो. यजमानांचा त्याला आग्रह होता. आम्ही मूठभर मांसात दोन थेंब घालून पाहिलं. वास धुराचा आला, पण व्हिनेगरशी तो भांडत राहिला, आणि मागे कडवट चव राहिली. ताईंनी तिथेच ठरवलं की जे नाही ते आहे असं दाखवायचं नाही. धूर नको, आणि बार्बेक्यू हे नावही नको. कागदाच्या पाटीवर लिहायचं: ‘व्हिनेगर पोर्क’. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत पटलेला निर्णय हाच. नाव बदललं आणि पदार्थाकडून काय अपेक्षा करायची ते स्पष्ट झालं: मऊ मांस, झणझणीत सॉस, कुरकुरीत कडा. धुराची नक्कल त्यात नव्हतीच.

प्रत्यक्ष कृती

सॉस गुरुवारी रात्रीच करून ठेवला, कारण मिरचीला व्हिनेगरमध्ये उतरायला वेळ लागतो. सफरचंदाचं ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर दोन कप, कुटलेल्या लाल मिरचीचे तुकडे एक मोठा चमचा, ब्राउन शुगर एक मोठा चमचा, मिरपूड एक छोटा चमचा, मीठ दोन छोटे चमचे, आणि ‘टेक्सस पीट’ एक मोठा चमचा. नाव टेक्ससचं असलं तरी हा तिखट सॉस याच राज्यातल्या विन्स्टन-सालेमचा. सगळं काचेच्या बरणीत घालून हलवलं. शिजवायचं काही नाही.

चौदा माणसांसाठी हाडासकट चार किलो खांदा आणला. हाड, चरबी आणि आटणं वजा जाता हातात निम्म्याहून थोडं जास्त येतं, म्हणजे माणशी दीडशे ग्रॅमच्या वर. शुक्रवारी संध्याकाळी त्याचे पाच-सहा सेंटीमीटरचे तुकडे केले. वरची जाड चरबी काढली, आतली ठेवली. हाडंही कुकरमध्ये टाकायची ठरवली. मीठ किलोला दहाच ग्रॅम लावलं, कारण रस्सा आटवून परत मांसातच जाणार होता.

दोन घाणे केले. दर घाण्याला तुकडे थोडे थोडे करून कुकरच्या तळाशी खरपूस परतले. त्या तांबूस रंगातच भाजण्याची थोडीफार चव असते. मग दोन कप पाणी आणि पाव कपच व्हिनेगर घालून तळाला चिकटलेलं खरवडून घेतलं. साखर किंवा सॉस आत काही नाही, ते तळाशी लागतं. कुकर दोनतृतीयांशाच्या वर भरू दिला नाही.

शेगडीवरची युक्ती यजमानांची: शेजारची कॉइल आधीच बारीक आचेवर तापवून ठेवायची, आणि पूर्ण दाब आला, पहिली शिट्टी झाली की कुकर उचलून तिच्यावर ठेवायचा. मोठ्या कॉइलची शिल्लक उष्णता मग त्रास देत नाही. तिथून घड्याळ लावलं, पंचेचाळीस मिनिटं. मधे कधी शिट्टी झाली, कधी नाही, आम्ही मोजली नाही. नंतर गॅसवरून उतरवावा तसा तो बाजूला ठेवला आणि कुकर आपोआप पडू दिला. त्याला वीस-बावीस मिनिटं लागली. ताईंचा हात दोनदा वजनाकडे गेला होता, दोन्ही वेळा त्यांनी तो मागे घेतला.

या वेळी हाड हाताने ओढताच स्वच्छ निघून आलं. तुकडे दोन काट्यांनी पिंजले, रेषा कापसासारख्या सुटल्या. आजोबांचं बोलणं लक्षात ठेवून ताईंनी त्यातलं अर्धं सुरीने आडवं-उभं ठोकलंही. लांब रेषा आणि बारीक चुरा एकत्र आला की सॉस चांगला धरून राहतो.

रस्सा गाळून उंच भांड्यात पंधरा मिनिटं ठेवला, वर आलेली चरबी काढली, आणि उरलेला उघड्या भांड्यात कपभर होईतो आटवला. तो आधी मांसात कालवला. मग सॉस पाऊण कप, चाखून आणखी पाव कप. हा क्रम महत्त्वाचा ठरला. चुकून एका वाडग्यात सॉस आधी पडला, तेव्हा मांसाने तो पिऊन टाकला, रस्सा खाली तळाशी राहिला, आणि ते मांस खाताना आंबट पण कोरडं लागलं.

रात्री साडेनऊ झाले होते. एवढं मांस मोठ्या पातेल्यात तसंच ठेवलं तर आतून तासन्‌तास कोमट राहतं, आणि ४ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त ठेवणं धोक्याचं. म्हणून ते उथळ ट्रेंमध्ये पसरून, वाफ गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवलं.

निष्पत्ती

शनिवारी दुपारी ट्रे फॉइलने झाकून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. चाळीस मिनिटांनी मध्यभागी ७४ अंश झाले. मग फॉइल काढून वरच्या जाळाखाली पाच मिनिटं, कडा कुरकुरीत व्हायला. पहिला ट्रे छान झाला. दुसऱ्याच्या वेळी खालून माणसं यायला लागली, दार उघडायला आम्ही दोघी गेलो, आणि पाचाची नऊ मिनिटं झाली. एका बाजूच्या कडा कडक झाल्या. थोडा उरलेला रस्सा शिंपडून मांस हलवलं, पण पहिल्या ट्रेची सर आली नाही.

बन, कोबीचं कोशिंबिरीसारखं स्लॉ आणि सॉसची बाटली शेजारी ठेवली होती. आजोबांनी बन बाजूला ठेवून नुसतं मांस खाल्लं, बाटलीतला सॉस आणखी घातला, पाटी वाचली, आणि ताईंना म्हणाले की नाव बरोबर लिहिलंय. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा कातडी कुठे आहे असं विचारलं. जेवणानंतर दोन्ही ट्रे मिळून जेमतेम तीन वाट्या मांस उरलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

आजोबांच्या कातडीच्या प्रश्नावर ताईंनी उपाय काढला आहे. बोस्टन बटवर बहुधा कातडी नसते, खांद्याच्या खालच्या ‘पिकनिक’ भागावर असते. पुढच्या वेळी एक किलो पिकनिक घ्यायचं, कातडी सोलून, मीठ लावून ओव्हनमध्ये वेगळी कडकडीत करायची, आणि वाढण्याच्या क्षणी ठोकून मिसळायची. एडनच्या त्या घासातली आमच्याकडे नसलेली, पण कोळशाशिवाय मिळवता येण्याजोगी हीच एक गोष्ट आहे.

ट्रे ओव्हनमध्ये एकामागून एक न घालता सगळं मांस झाकून गरम ठेवायचं आणि वरच्या जाळाखाली लहान लहान वाटे, माणसं ताट घेऊन उभी असताना, द्यायचे. दाराशी जाणारा माणूस आणि ओव्हनपाशी थांबणारा माणूस आधी ठरवायचे.

पाव कप व्हिनेगर कुकरमध्ये घालावं की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. ताईंना वाटतं त्याने रस्स्याला पाया मिळतो. मी एक घाणा नुसत्या पाण्यावर करून शेजारी शेजारी चाखायला सांगितलं आहे. माझा अंदाज असा की सॉस नंतर पडल्यावर फरक कळणार नाही, आणि घरात वास कमी होईल.

उरलेल्या तीन वाट्यांत ताईंनी सोमवारी कांदा परतून वसईकडच्या ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला घातला, वर थोडं व्हिनेगर शिंपडलं आणि झाकून मंद आचेवर ठेवलं. ते मंगळवारी खायचं, आज कोणी हात लावायचा नाही, असं सांगून त्यांनी पातेलं फ्रीजमध्ये अगदी मागे सरकवलं.